चव्वेचाळीस दातांना कुंकू

माझे वडील मोटारीच्या इंजिनामुळे वारले नाहीत, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या सणसरात अजून दोन-तीन म्हातारी माणसं तसं सांगत असतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी ते इंजिन आबांच्या अंगावर पाडल्याचंही येतं. हे साफ खोटं आहे. आबा हृदयाच्या दुखण्याने वारले. इंजिन मी फक्त उघडलं होतं.

(ते मला परत बंद करता आलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

१९३० नंतरच्या चार-पाच वर्षांतली ही हकिगत. कालव्याच्या पाण्यावर आमचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं आणि एक मोटार होती. कालव्यावरच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने जाता जाता ती आबांच्या गळ्यात मारली. उघडी मोटार, वर ओढून घ्यायचं कापडी छत, मागे ऐसपैस बैठक. आबांना तिचं कौतुक नव्हतं. ते बैलाचे डोळे बघून बैल ओळखणारे गृहस्थ. मोटारीचे डोळे दिवसा विझलेले असतात, ही त्यांची पहिली तक्रार होती.

मोटार आमच्याकडे आली आणि माझ्या आयुष्याला अर्थ आला. मी पुण्याला दोन वर्षं शिकायला होतो. कॉलेजात माझं नाव होतं आणि कॉलेजासमोरच्या मोटार-मिस्त्रीच्या बाकड्यावर मी स्वतः होतो. मिस्त्रीने मला कधी पान्याला हात लावू दिला नाही, पण दोन वर्षांत मी सगळं बघून घेतलं होतं. बघितलेल्या माणसाइतका धोकादायक माणूस जगात दुसरा नसतो!

त्या वर्षी पितृपंधरवड्यात आबांच्या छातीत कळ आली. बारामतीहून डॉक्टर आले. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग कानातली नळी काढून ती हातात गुंडाळत बसले.

"बैलगाडीत बसायचं नाही," ते म्हणाले. "एखादा जोराचा हादरा बसला तरी काही सांगता येणार नाही. कुठं जायचंच असेल तर मोटारीत बसा. तिला स्प्रिंगा असतात."

"किती दिस हायेत, डाक्टरसाहेब?" आबांनी विचारलं. ऊस तोडायला किती दिवस लागतील हेही ते याच आवाजात विचारत.

"दिवाळी होईल."

"कंची? औंदाची का फुडली?"

डॉक्टरांनी बॅगेचा पट्टा आवळला. "औंदाची," ते म्हणाले.

आई आत गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती ती. आबांनी मात्र मला जवळ बोलावलं.

"दत्तू, मला बावड्याला न्हे. आक्काकडं."

आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी गोदाआत्या. नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मानाचा पहिला फेटा गावच्या पाटलाला बांधला गेला आणि आत्याच्या मालकांना दुसरा. (आबा त्यांना दाजी म्हणत, म्हणून आम्हीही दाजीच म्हणत असू.) दाजी भरल्या पंगतीतून उठले, आत्या त्यांच्या मागून उठली आणि बावड्याची गाडी जुंपली गेली. तेव्हापासून नऊ भाऊबीजा कोरड्या गेल्या होत्या. दर वर्षी त्या दिवशी आबा सकाळी दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून ओसरीवर बसत आणि संध्याकाळी धोतर बदलून टाकत.

"दसऱ्याला जाऊ," आबा म्हणाले. "सोनं द्यायचं आन दाजींना माज्या हातानं फेटा बांदायचा. ह्येवढं झालं की मी मोकळा."

फेटा त्यांनी त्याच आठवड्यात बारामतीहून मागवला. गुलाबी, जरीकाठी. उशाशी ठेवून घेतला.

आता इथे माझा प्रवेश होतो. मोटार चालू होती. सणसर ते बावडा पंचवीसेक मैल, ती सहज गेली असती. पण चालू असताना तिच्या पोटातून खुळ्ळ-खुळ्ळ असा आवाज येत असे, आणि मी बघितलेला माणूस होतो!

"आबा, इंजिनातली साखळी ढिली झालीय," मी म्हणालो. "वाटंत तुटली तर निरवांगीच्या माळावर बसावं लागंल. मी दसऱ्याच्या आधी नवी घालतो."

"आता चालती का न्हाय?"

"चालती."

"मग हात लावू नगंस."

हे शब्द मी आयुष्यभर लक्षात ठेवले आहेत. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंतही ठेवले नाहीत. पुण्याला पत्र टाकून नवी साखळी मागवली आणि घटस्थापनेच्या दिवशी गोठ्यासमोरच्या चिंचेखाली इंजिन उघडायला बसलो.

साखळी बदलायची तर इंजिनाच्या तोंडावरचं झाकण काढलं की काम भागतं. आत दोन दातेरी चाकं असतात, एक मोठं आणि एक लहान, आणि त्यांच्यावरून साखळी फिरते, सायकलीला असते तशी. तेवढ्यावर थांबायचं! पण उघडलंच आहे तर वरचं डोकंही काढून बघू, असं मला वाटलं. मग डोकं काढलंच आहे तर आतले व्हॉल्व्ह साफ करू, असंही वाटलं. तीन दिवसांत मोटारीचं पोट रिकामं झालं आणि जुन्या धोतरावर सगळे भाग ओळीने मांडले गेले. गाव बघायला लोटला. मी कडेला खुर्ची टाकून उभा राहिलो. (खुर्ची लोकांसाठी नव्हती. तिच्यावर पाय ठेवून उभं राहिलं की मिस्त्री दिसतो.)

एका गोष्टीत मात्र मी हुशारी केली होती. ही दोन चाकं एकमेकांशी ठरावीक जागी जुळली तरच इंजिन चालतं. एक दात इकडेतिकडे झाला की संपलं. म्हणून साखळी काढण्याआधी मी मोठ्या चाकाच्या एका दातावर आणि लहान चाकाच्या एका दातावर खूण केली. घरात रंग नव्हता. मग आईच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि दोन्ही दातांना एकेक ठिपका लावला. खुणा झाल्या म्हटल्यावर भीती कसली? मी निर्धास्तपणे, मोटार चालू करायला पुढून मारतात ते हँडल फिरवून गावकऱ्यांना पिस्टन वरखाली होताना दाखवले. पाच-पंचवीस वेळा तरी दाखवले असतील. मग दोन्ही चाकं काढून धोतरावर मांडली आणि साखळीच्या पार्सलाची वाट बघत बसलो.

पार्सल आगगाडीने बारामतीला आलं ते नवमीला. मी सकाळी सायकल काढली आणि साखळी घेऊन दुपारी परतलो. दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळपर्यंत इंजिन बसवायचं, सकाळी आबांना मागच्या बैठकीवर लोड लावून बसवायचं, आणि बावडा! वाटभर मी गाणं म्हणत आलो.

अंगणात आलो आणि गाणं घशातच राहिलं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. औजारांची पूजा! नांगर, कुळव, विळे, खुरपी, सगळं धुऊन-पुसून अंगणात मांडलं होतं आणि त्यांच्या मधोमध, नव्या घोंगडीवर, माझं इंजिन. एकूण एक भाग राख आणि चिंच लावून घासलेला. बाहेरच्या देशातून निघाल्यापासून त्या लोखंडाला इतकी चकाकी आली नसेल. ओळीने मांडलेल्या भागांची ओळ मोडून आईने ते आकाराने लावले होते. मोठे मागे, लहान पुढे, फोटो काढायला बसवल्यासारखे. जुनी साखळी झेंडूच्या फुलांत गुंफून नांगराच्या गळ्यात घातली होती. आणि घोंगडीच्या पुढच्या काठाला ती दोन चाकं.

प्रत्येक दाताला कुंकू होतं.

"आई!" मी ओरडलो. "ह्ये काय केलंस?"

आई नुकतीच न्हाऊन आली होती. तिने पदर सारखा केला. "पूजा क्येली. तुज्या वडलांना न्यायाचं हाय तिनं. मग बैलांची क्येली, नांगराची क्येली, आन तिचीच सोडू?"

"पन दातांना कुंकू?"

"तू एकाच दाताला लावलंवतंस," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडी नाराजी होती. "बाकीच्यांनी काय घोडं मारलंवतं? समद्यांना लावलं. चव्वेचाळीस हायेत मोठ्याला. बारक्याला बावीस. मोजून लावलं, कुनी राहू नये म्हनून."

मी त्यावर आईला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिला चाकातलं कळत नव्हतं. कळलं ते एवढंच की तिच्या हातून नवऱ्याच्या वाटेत काहीतरी आडवं आलं. तिचा चेहरा उतरला तो मला आज पन्नास वर्षांनी दिसतो, आणि या हकिगतीतला तो एकच भाग असा आहे की जो मला गमतीने सांगता येत नाही.

ओसरीवरून आबांचा आवाज आला. "दत्तू, का वरडतूस? उंद्या किती वाजता निगायचं?"

दसरा गेला. सोनं आम्ही एकमेकांनाच दिलं.

मग मी हिशेब मांडला. मोठ्या चाकाला चव्वेचाळीस दात, म्हणजे जुळणीच्या चव्वेचाळीस शक्यता. दसऱ्यापासून भाऊबीजेला बावीस दिवस. एक दात जुळवायचा, साखळी चढवायची, झाकण लावायचं, पाणी भरायचं आणि हँडल मारायचं, याला अर्धा दिवस. दिवसाला दोन दात! बरोबर भाऊबीजेच्या दिवशी मोटार चालू होणार होती. इतका चोख हिशेब बघून मला तर देवाचाच हात दिसला.

"आबा, भाऊबीजेला नेतो तुम्हाला," मी म्हणालो. "अगदी नक्की."

"भाऊबीज बरी," आबा म्हणाले. "आक्का ववाळंल." आणि त्यांनी उशाचा फेटा चाचपून बघितला.

पहिल्या दाताला काही झालं नाही. दुसऱ्याला इंजिन खोकलं. पाचव्याला त्याने मागच्या नळीतून असा बार काढला की गोठ्यातला खिलारी दावं तोडून थेट कालव्यावर गेला. नवव्याला पुढून जाळ निघाला आणि माझ्या भुवया गेल्या. गावाला माझ्या दुरुस्तीची गोडी लागली. पाणी भरायला जाणाऱ्या बाया वाकडी वाट करून अंगणावरून जाऊ लागल्या. "कितवा?" असं एक विचारी, आणि मी "तेरावा" म्हटलं की ती पुढच्या आळीला कळवी.

आबाही मोजत होते. पहिल्या आठवड्यात ते ओसरीच्या खांबाला टेकून बसत आणि बार झाला की हसत. दुसऱ्या आठवड्यात खाट आत गेली, तिथून आवाज येई, "कितवा रं?" तिसऱ्या आठवड्यात आवाजही येईना. बार झाला की ते नुसतं एक बोट वर करीत, आणि आई आतून येऊन मला सांगे, "त्यांनी मोजला." मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी इंजिनात लपवी.

शेवटी आईच्या सांगण्यावरून सायकल मारत बारामतीला गेलो. तिथे प्रवाशांच्या सर्व्हिस-मोटारी सांभाळणारा एक मिस्त्री होता. एका मोटारीखाली तो आडवा होता. तसाच बाहेर सरकला.

"दातावरची खूण बघितली का?" त्याने विचारलं.

"बघितली."

"मग जुळवायची खुणेला खूण. त्यात काय?"

"प्रत्येक दातावर खूण हाय."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "प्रत्येक?"

"चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. लहान चाकावर बावीस."

"कंपनीनं केल्यात?"

"नाही. आईनं."

मिस्त्रीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या भुवया नव्हत्या, हेही त्याच्या ध्यानात आलं असावं. मग तो हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसा बोलला. "तुमी घरी जावा. इश्रांती घ्या. दिवाळी झाली की मी सोता येतो." आणि परत मोटारीखाली सरकला.

दिवाळीनंतर येणारा मिस्त्री मला काय कामाचा होता?

एकतिसाव्या दाताला हँडल उलटं फिरलं आणि माझं डावं मनगट मोडलं. आमचा जुना गडी गेना याने बांबूच्या कामट्या लावून ते बांधलं. पुढचं हँडल त्याने मारावं असं मी सुचवलं, तर तो म्हणाला, "धाकलं मालक, मी बैल मारका असला तरी जवळ जातो. पन ह्येचा राग कशानं येतो त्येच कळंना." आणि लांब जाऊन बसला. दिवाळीला पाच दिवस होते, दात तेरा राहिले होते आणि हँडल मारायला कोणी उरलं नव्हतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी आबांच्या खाटेशी जाऊन बसलो. चार दिवसांत त्यांच्या गालाची हाडं वर आली होती. मी तेवीस-चोवीस वर्षांचा घोडा, पण मला रडू आलं. "आबा, मोटार चालू होत नाही," मी म्हणालो. "मी तुम्हाला नेऊ शकत नाही."

आबांनी डोळे उघडले.

"डाक्टर काय म्हनला? मोटारीत बसा म्हनला. का?"

"तिला स्प्रिंगा असतात म्हणून."

"स्प्रिंगा इंजिनात असत्यात?"

"नाही. चाकांवर."

"मग मोटार चालाय पायजे असं कुटं म्हनला त्यो?" आबा म्हणाले. "बैलं जुप की."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आई दारात उभी होती, ती बघत राहिली. गेना अंगणात उभा होता. तो बघत राहिला नाही, जू आणायला धावला. एक महिना! एक महिना आमच्या गोठ्यात सहा बैल रवंथ करत बसले होते, अंगणात स्प्रिंगांवर चार चाकं उभी होती, आणि मी दात मोजत होतो. दसऱ्याला आम्ही सहज बावड्याला गेलो असतो. तेव्हा आबा पायांनी चालत होते.

"जड काय आसंल त्ये काडून ठेव," आबांनी वर सांगितलं. "बैलांना तरास नगं." दातेरी चाकं, साखळी, झाकण, सगळं पाटीत भरून देवघराच्या कोपऱ्यात गेलं.

पहाटे निघालो. मोटारीला चार बैल, गेना पुढच्या पत्र्यावर चाबूक घेऊन मांडी घालून, मी सुकाणूवर एका हाताने, मागे लोडाला टेकून आबा आणि त्यांना धरून आई. मोटार अजिबात आदळली नाही. खुळ्ळ-खुळ्ळ तर नाहीच. आम्ही घेतल्यापासून ती इतकी गोड कधी चालली नव्हती!

निरवांगीला बैल बदलायला थांबलो तर सगळा पार भोवती जमला.

"काय वो, बिगाडली का मोटार?"

मी खाली मान घातली. मागून आबांचा आवाज आला, क्षीण पण स्वच्छ. "बिगाडली न्हाय. पोरानं दुरुस्त केलीया."

वाटेत ज्याने ज्याने विचारलं त्याला त्यांनी हेच उत्तर दिलं. बोलल्याने दम लागत होता, आई नको म्हणत होती, पण तेवढं उत्तर त्यांनी कोणालाही चुकवलं नाही.

दिवेलागणीला बावड्यात शिरलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. आत्या दारात उभी होती. नऊ वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. तिने चार बैल बघितले, पत्र्यावरचा गेना बघितला, बिनभुवयांचा भाचा बघितला आणि शेवटी लोडाला टेकलेला भाऊ बघितला. हसावं की रडावं ते तिला कळेना, मग तिने दोन्ही एकदम केलं.

"सख्या, मेल्या, ह्ये काय रं ध्यान?"

आबांना उतरवण्यासारखं नव्हतं. आत्याने ताट मोटारीपाशीच आणलं आणि पायरीवर चढून ओवाळायला लागली. तिने कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा आबा आईकडे बघून म्हणाले, "आक्का, कपाळालाच लाव. दातांना नगं." आई पदर तोंडात धरून हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसली.

दाजी मागे उभे होते, हाताची घडी घालून. आबांनी मांडीवरचा गुलाबी फेटा उचलला. "दाजी, जवळ या. माजी चूक झालीवती."

दाजी आले. मोटारीच्या कडेवर हात टेकून त्यांनी डोकं आत वाकवलं, आणि आबा फेटा बांधू लागले. दोन वळसे नीट पडले. तिसरा सैल पडला, चौथा डोळ्यांवरून गेला. मी पुढे झालो तर दाजींनी मला हाताने मागे सारलं. वाकून वाकून त्यांची पाठ मोडली असेल, पण शेवटचा पदर खोचेपर्यंत ते हलले नाहीत. फेटा एका कानावर कलला होता. असा वेडावाकडा फेटा मी जन्मात बघितला नाही. दाजींनी तो डोक्यावरून उतरवला नाही; जेवताना नाही, झोपताना नाही.

आबा दोन दिवस बावड्यात जगले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या छातीला कान लावला. ठोके पडत होते, मध्येच एक चुकत होता, परत पडत होते. ढिल्या साखळीचाच आवाज! मला जाणकारासारखं ऐकताना बघून आबांनी एक डोळा उघडला.

"चालतंय तवर चालू दे," ते म्हणाले. "उगडून बगू नगंस, हां."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दाजींनी फेटा उतरवला तो थेट नदीवर.

दोन दिवस. दसऱ्याला गेलो असतो तर तीन आठवडे मिळाले असते. भाऊ-बहिणीला नऊ वर्षांचं बोलून घ्यायला. ते तीन आठवडे मी दात मोजण्यात घालवले. याला दुसरं काही म्हणता येत नाही.

दिवस-वार उरकून आम्ही सणसरला परत आलो. एके दुपारी बघतो तर आई देवघराच्या कोपऱ्यात ती पाटी पुढे घेऊन बसलेली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि हातात ओलं फडकं होतं. एकेक दात ती पुसत होती.

"आई, राहू दे की," मी म्हणालो.

"माज्या हातानं लावल्यालं माज्याच हातानं पुसती," ती म्हणाली. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. ती पुसत राहिली, मोजत राहिली. आणि मध्येच थांबली.

"दत्तू, ह्या दाताला खड्डा हाय बग. बारीक. त्यात कुंकू घट्ट बसलंवतं."

मी चाक हातात घेतलं. एका दाताच्या बुडाशी, टाचणीच्या डोक्याएवढा, नीट ठोकून केलेला ठिपका होता. लहान चाकावरही तसाच एक. कारखान्यातच केलेली खूण! माझ्या कुंकवाआधीपासून ती तिथे होती, वंगणाने भरलेली, आणि मी मोठ्या ऐटीत दुसऱ्याच गुळगुळीत दातांना कुंकू लावलं होतं, तेही ते समोरासमोर आहेत का हे न बघता. म्हणजे आईने पूजा केली नसती तरी मोटार चालू झालीच नसती. एवढा आरडाओरडा करून जिच्यावर खापर फोडलं, ती निर्दोष होती. हे मी तिला त्याच वेळी सांगितलं. ती म्हणाली, "आसू दे." मला वाटतं, ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

खुणेला खूण जुळवली. एका हँडलात इंजिन चालू झालं, आवाज नाही, बार नाही. आई दारात येऊन ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "बंद कर." मी केलं.

परवा माझा थोरला मुलगा मला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी आता आबांपेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे आणि माझ्या छातीत खुळ्ळ-खुळ्ळ होतं. डॉक्टर तरुण, हुशार, हसतमुख. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. "आजोबा, एक व्हॉल्व्ह खराब आहे," ते म्हणाले. "छाती उघडायची, हृदय थोडा वेळ बंद ठेवायचं, व्हॉल्व्ह नवा बसवायचा, सगळं परत जोडायचं आणि चालू करायचं. घाबरण्यासारखं काही नाही. तुम्हाला काही विचारायचंय?"

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी डॉक्टरांच्या हातांकडे बघितलं, त्यांच्या खुर्चीकडे बघितलं.

"एकच," मी म्हणालो. "डॉक्टर, तुम्ही हे स्वतः केलंय की नुसतं बघितलंय?"